दादाच्या घरचा कंडक्टर

कंडक्टरवर माझा पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता, आणि हे मी त्याला तोंडावर सांगितलं होतं. त्याला काही लागलं नाही. कानावरचे पांढरे केस खाजवत तो म्हणाला, "बरोबर आहे साहेब. मीसुद्धा एकतीस वर्षं कुणावर ठेवला नाही. पास बघायला मागेपर्यंत सगळेच सज्जन दिसतात."

मी एका कागद कारखान्याच्या भांडार विभागात आहे. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन तिथे चिकटलो तो आजपर्यंत. निवृत्तीला आठ महिने उरले आहेत. माल आत आला की मोजायचा, बाहेर गेला की मोजायचा आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही करायची नाही, एवढंच मी आयुष्यभर केलं. बायको म्हणते, "अहो, तुम्हाला तर पंख्याच्या वाऱ्याचासुद्धा संशय येतो." येतो. म्हणूनच छत्तीस वर्षांत माझ्या भांडारातून कागदाचं एक रीळ गहाळ झालेलं नाही.

पण इथे प्रश्न रिळांचा नव्हता, माझ्या थोरल्या भावाचा होता.

दादा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. एकोणीस वर्षांपूर्वी औषधांच्या एका दुकानाची पाटी पूर्ण करून उतरताना तो परांचीवरून पडला. मानेला आणि डोक्याला मार बसला. पाय गेले, उजवा हात कोपरापर्यंतच ऐकतो, डाव्याची तीन बोटं चालतात आणि जीभ जड झाली. डोकं मात्र पहिल्यासारखंच तिखट राहिलं. आई होती तोवर आईने त्याचं सगळं केलं. ती गेल्यावर आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात त्याला चढवणं-उतरवणं होईना, म्हणून त्याला गावाबाहेरच्या निवासगृहात ठेवलं. तिथे तो अकरा वर्षं होता.

मला ती जागा आवडायची, खोटं कशाला बोलू? एका दालनात वीस खाटा, पांढऱ्या चादरी, भिंतीवर वेळापत्रक. पाचला चहा, साडेपाचला अंघोळ, आठला दिवे बंद. मी महिन्यातून दोनदा जायचो आणि सगळं जागच्या जागी पाहून समाधानाने परतायचो. दादाही जागच्या जागी असायचा. खाट क्रमांक चौदा.

मग एक संस्था आली. अपंग माणसं आणि त्यांच्या घरचे लोक मिळून ती चालवतात. त्यांचं म्हणणं असं की, माणूस सांभाळायचा म्हणून त्याला दालनात नेऊन ठेवायची गरज नाही. वस्तीतच तळमजल्यावर घर घ्या, दाराला उतार करा, मदतीला एक माणूस द्या, बाकी शेजार आहेच. हे दादाच्या कानावर गेलं आणि त्याने हट्टच धरला. मी निवासगृहाच्या अधीक्षकांना विचारलं. ते म्हणाले, "जाऊ द्या त्यांना. खाट सहा महिने राखून ठेवतो. बहुतेक जण परत येतात."

हे शेवटचं वाक्य मी मनात नीट जपून ठेवलं.

संस्थेचा एक नियम मला मुळातच पटला नव्हता. मदतनीस कोण असावा हे घरच्यांनी ठरवायचं नाही, ज्याला मदत हवी त्याने ठरवायचं. पाच जण आले. चौघांकडे दवाखान्यात काम केल्याचे दाखले होते. चौघांनीही माझ्याकडे बघून विचारलं, "हे काय खातात? झोप लागते का? चिडतात का?" मी प्रत्येकाला व्यवस्थित उत्तरं दिली. पाचवा हा. बसच्या नोकरीतून निवृत्त झालेला, संस्थेचं तीन महिन्यांचं शिक्षण घेतलेला. तो आला, जमीन हलत असल्यासारखा पाय फाकून उभा राहिला आणि माझ्याकडे न बघता दादाला म्हणाला, "बोला पेंटर, कुठं जायचं?"

दादाला उत्तर द्यायला वेळ लागला. "औषधाचं... दुकान. पाटी."

"चला की. वाटेत पायऱ्या आहेत का?"

झाली निवड. दादाला पेंटर म्हणणारं गेल्या एकोणीस वर्षांत कुणी नव्हतं, आणि मला ती सलगी तेव्हाच खटकली. असं गोड बोलणारे ट्रकवाले मी पुष्कळ पाहिले आहेत. माल कमी भरतो तो त्यांच्याच गाडीत.

म्हणून मी चौकशी केली. बस डेपोतला एक कारकून माझ्या ओळखीचा. त्याच्याकडून कळलं ते असं. हा चोविसाव्या वर्षी नोकरीला लागला. बाप हमाल. पहिल्या दिवशी गर्दीत याचीच टोपी कुणीतरी पळवली, तर हा बोडक्या डोक्याने सबंध फेरी करून आला. बायको सहा वर्षांपूर्वी गेली, एक मुलगी आहे, ती सासरी. सबंध नोकरीत गाडी रिकामी असली तरी हा सीटवर बसला नाही. विचारलं तर म्हणायचा, "बसलो की मी पॅसेंजर झालो." ही सवय अजून आहे. दादाच्या घरीसुद्धा तो उभ्यानेच जेवतो, ओट्याला टेकून.

"माणूस चांगला आहे," कारकून म्हणाला, आणि मग जरा थांबून, "फक्त एकदा निलंबित झाला होता. अकरा दिवस. गाडीतून उतरताना एक म्हातारी पडली, मनगट मोडलं तिचं. हा शेजारी उभा होता, पण हात दिला नाही."

मी हेही जपून ठेवलं.

वस्तीतल्या तळमजल्यावरच्या नव्या घरात दादाच्या खाटेच्या वर कंडक्टरने एक घंटा लावली होती. बसमधलीच, पितळी, आणि तिची दोरी दादाच्या डाव्या हाताशी सोडलेली. मी विचारलं, "ही कुठून आणली?"

"डेपोच्या भंगारातून."

"पावती आहे?"

त्याने खिशातून चष्म्याचं घर काढलं, त्यातून घडी केलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला. पावती होती. शिक्काही बरोबर होता. दादा खाटेवर पडल्या पडल्या हसत होता. ते हसू मला आवडलं नाही.

असे साडेपाच महिने गेले. दर रविवारी मी जायचो. घर स्वच्छ असायचं, दादा दाढी केलेला असायचा. पण कळवून गेलेल्या तपासणीला काय अर्थ असतो, हे मला कुणी शिकवायला नको.

एका सोमवारी अधीक्षकांचा फोन आला. "शनिवारी दुपारपर्यंत सांगा. खाट ठेवायची की सोडायची? सोडली तर पुन्हा रांगेत उभं राहावं लागेल, आणि रांग चार वर्षांची आहे." पालक म्हणून सही माझी होती. माझं वय अठ्ठावन्न, दादाचं बासष्ट. चार वर्षांनी मी कुठे असेन, कंडक्टरचे गुडघे कसे असतील, संस्था तरी असेल की नाही, याचा हिशेब मला मांडता येईना. खाट सोडणं म्हणजे परतीची वाट बंद करणं. आणि खाट ठेवायची तर महिनाअखेर दादाने तिच्यावर हजर व्हायचं, असा नियम.

त्याच संध्याकाळी मी मुद्दाम दादाच्या गल्लीवरून गेलो. त्याच्या वरच्या मजल्यावर कपडे शिवणाऱ्या एक बाई राहतात. त्यांनी जिन्यापाशीच मला गाठलं.

"बरं झालं भेटलात. सांगावं की सांगू नये, असं चाललं होतं माझं."

"सांगा."

"अहो, रोज सकाळी तुमचे भाऊ घंटा वाजवत असतात. ट्रिंग ट्रिंग, ट्रिंग ट्रिंग. अर्धा तास, पाऊण तास. माझं मशीन चालू असलं तरी ऐकू येतं. आणि तो बाबा बाहेर पायरीवर बसलेला असतो, चहा पीत. बहिरा आहे का हो तो?"

"बसलेला?" मी विचारलं. "नक्की बसलेला?"

"पाठ करून! मी काय डोळे मिटून कपडे शिवते का?"

कधी न बसणारा माणूस बसतो, तेही घंटा वाजत असताना, तेही पाठ करून. मला आणखी पुरावा नको होता, पण मी तो गोळा केला. गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. निवासगृहाचा अर्ज बरोबर घेतला. त्यावर दोन ओळी छापलेल्या होत्या, "खाट चालू ठेवणे" आणि "खाट सोडणे". नको ती खोडून खाली सही करायची. सकाळी साडेआठला मी कुणाला न कळवता त्या गल्लीत पोहोचलो आणि समोरच्या जिन्याच्या आडोशाला उभा राहिलो.

कंडक्टर पायरीवर बसला होता. हातात कप, पाठ दाराकडे. दार उघडं होतं आणि आतली खाट मला स्पष्ट दिसत होती. दादा खाटेच्या कडेला उशांच्या आधाराने बसलेला. अंगात शर्टाची एकच बाही, बाकी शर्ट डोक्यावर अडकलेला, चेहरा झाकलेला. तो हात वर करायचा, खांद्यातून हिसका द्यायचा, शर्ट तसूभर सरकायचा आणि परत घसरायचा. मग डावा हात चाचपडत दोरीकडे जायचा.

ट्रिंग ट्रिंग.

कंडक्टरने चहाचा घोट घेतला.

मी घड्याळ लावून मोजलं. एकवीस मिनिटांत नऊ वेळा. दरवेळी दोनदा. एकदा दादाचा तोल गेला, तो उशीवर कलंडला. कंडक्टरची मान जराशी वळली, पण माणूस उठला नाही. दादा स्वतःच कोपरावर जोर देत उठला. ट्रिंग ट्रिंग. मला ती म्हातारी आठवली, तिचं मोडलेलं मनगट आठवलं. दहाव्या घंटेला मी रस्ता ओलांडला.

"काय चाललंय इथे?" मी ओरडलो. वर मशीन थांबल्याचं ऐकू आलं.

कंडक्टर उठून उभा राहिला. "साहेब, जरा—"

मी त्याला बाजूला सारून आत गेलो. दादाच्या डोक्यावरून शर्ट ओढून खाली घेतला, दुसरा हात बाहीत घातला, पटापट बटणं लावली, कॉलर सरळ केली. अर्ध्या मिनिटाचं काम. "संपलं आता," मी म्हणालो. "दादा, आजच्या आज इथून चल."

दादाचा चेहरा घामाने डबडबला होता. माझ्याकडे त्याने असं पाहिलं की मी अर्धं पाऊल मागे झालो. लहानपणी त्याच्या ओल्या पाटीला मी बोट लावलं होतं, तेव्हा त्याने असंच पाहिलं होतं. मग त्याने दोरी ओढली.

ट्रिंग. एकदाच.

परत एकदा. परत एकदा. मध्ये बराच वेळ सोडून.

दाराशी कंडक्टर उभा होता, पाय फाकून. "साहेब," तो हळूच म्हणाला, "सिंगल बेल म्हणजे थांबा."

मी जन्मभर बसने कामावर गेलो. एक घंटा झाली की गाडी थांबते आणि दोन झाल्या की चालते, हे मला काय कुणी सांगायला हवं होतं? पण घंटा खाटेवरून आली की ती मदतीचीच हाक असणार, हे मी गृहीत धरलं होतं.

"मग ते दोनदा?"

"डबल बेल. जाऊ दे गाडी, माझं चाललंय, येऊ नका."

"आणि तुम्ही पायरीवर का बसता? तुम्ही तर कधी बसत नाही."

"उभा राहिलो की हात आपोआप पुढे जातात ना! एकतीस वर्षांची खोड आहे ती. म्हणून बसतो. आणि तोंड इकडे ठेवलं तर यांना लाज वाटते, म्हणून पाठ करतो. पेंटरनीच सांगितलंय तसं."

"तो पडला असता तर?"

"पडतात कधी कधी. दोनदा पडलेत, गादीवर." त्याने आवाज खाली आणला. "डेपोत चौकशी केलीत ना तुम्ही? कळलं मला. त्या आजी म्हणाल्या होत्या, हात लावू नकोस, माझी मी उतरेन. मी लावला नाही, ती चूक नव्हती. चूक ही की मागच्या दाराशी भांडण चाललं होतं आणि माझे कान तिकडे होते. त्यांचा दुसरा पाय खाली टेकायच्या आत मी डबल बेल दिली. निलंबन बरोबरच होतं. आता पाठ असली तरी कान पेंटरकडेच असतात."

मी काही बोलायच्या आत दादाने तोंड उघडलं. "काढ," तो म्हणाला.

"काय काढू?"

"शर्ट."

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण त्याने बोटाने कंडक्टरला बोलावलं. कंडक्टरने मी लावलेली सगळी बटणं सोडवली, शर्ट काढला, दादाच्या मांडीवर ठेवला आणि बाहेर जाऊन पायरीवर बसला. मला कळेना कुठे उभं राहावं. दादाने हनुवटीने दार दाखवलं. मी जाऊन कंडक्टरच्या शेजारी बसलो. तोंड रस्त्याकडे करून.

"किती वेळ लागतो?" मी विचारलं.

"पहिल्या महिन्यात जमतच नव्हतं. आता पस्तीस-चाळीस मिनिटं. आज चौथं बटण लावायचा बेत होता त्यांचा."

"तुम्ही घातलात तर मिनिटभरात होईल."

"निवासगृहात मिनिटभरातच व्हायचं," कंडक्टर म्हणाला. "वीस शर्ट, वीस मिनिटं. चहा घेणार?"

नको म्हणालो. मागून श्वासांचा आवाज येत होता, कापडाचा, खाट करकरल्याचा. प्रत्येक आवाजाला माझी मान वळायला बघायची. मग ट्रिंग ट्रिंग व्हायचं आणि कंडक्टर कपाकडे बघत पुटपुटायचा, "चलाऽ." वरून शिवणाऱ्या बाई खिडकीतून वाकून म्हणाल्या, "आता दोघंही बहिरे झाले का?"

"आत या, सांगतो," कंडक्टर म्हणाला.

"मला कामं आहेत," त्या म्हणाल्या, आणि खिडकीतच उभ्या राहिल्या.

अठ्ठेचाळीस मिनिटांनी एक घंटा झाली. "स्टॉप आला," कंडक्टर उठत म्हणाला, आणि आम्ही आत गेलो. शर्ट अंगात होता. चार बटणं लागलेली होती.

तरीही माझ्या मनातली अढी गेली नव्हती. शिकवून ठेवलेली उत्तरं मी ओळखतो. दोन घंटा म्हणजे "चला" हे मला कंडक्टरनेच सांगितलेलं, आणि त्याचं पोट या घरावर चालतं. म्हणून मी त्याला कोपऱ्यावरच्या दुकानातून साबण आणायला पाठवलं. तो सगळं समजला असावा, कारण जाताना म्हणाला, "सावकाश येतो. दोन दुकानं बघून."

मी अर्ज काढून खाटेवर ठेवला. "दादा, शनिवारी शेवटचा दिवस. निवासगृहाची खाट ठेवू?"

ट्रिंग.

भांडारातल्या पद्धतीप्रमाणे मी उलट बाजूने तपासलं. "खाट सोडू?"

ट्रिंग ट्रिंग.

"कंडक्टर आजारी पडला, सोडून गेला, तरी सोडू?"

दादाने वरच्या घंटेकडे पाहिलं. खरंच विचार करत होता. मग दोनदा.

"मी नसलो तरी?"

या वेळी त्याने दोरीला हात लावला नाही. माझ्याकडे बघत राहिला. मग जड जिभेने, एकेक शब्द सोडवत म्हणाला, "भीती... तुला. मला... पण. तरी." आणि थोड्या वेळाने, "मोजून... झालं?"

मी पेन काढून रेघ मारायला वाकलो, तर त्याने ते डाव्या हाताच्या तीन बोटांत मागून घेतलं. "खाट चालू ठेवणे" या ओळीवर त्याने रेघ ओढली. एका दमात नाही, तीन तुकड्यांत. शेवटचा तुकडा घसरून खालच्या चौकटीत गेला. एके काळी आखणीची दोरी न लावता हातभर सरळ रेघ ओढणारा माणूस तो. त्याने ती वाकडी रेघ बराच वेळ नाराजीने पाहिली आणि अर्ज माझ्याकडे सरकवला. मी खाली सही केली. डोळ्यांनी पाहिल्यावरच केली.

कंडक्टर साबण घेऊन आला. दोन वेगवेगळे. "कुठला हवा ते यांना विचारून ठरवू," तो म्हणाला, आणि मग नेहमीसारखा उभा राहिला. "बोला पेंटर, कुठं जायचं?"

औषधांच्या दुकानापर्यंत मीही गेलो. व्हीलचेअरच्या हाताला सायकलची घंटा लावलेली आहे, बाहेर ती चालते. एकोणीस वर्षांत ती पाटी उन्हाने पार विटली आहे. दुकानदार काउंटरमागून म्हणाला, "आले परीक्षक!" शेवटच्या अक्षराची मात्रा नंतर कुणीतरी गिरवली आहे आणि ती जाड झाली आहे. ती दादाला सहन होत नाही, आणि हे तो दुकानदाराला आठवड्यातून एकदा सांगायला येतो. दुकानदारही दर आठवड्याला म्हणतो की पुढच्या वर्षी नवी करू. अकरा वर्षं मी खाट क्रमांक चौदाजवळ बसलो होतो. ही पाटी अजून आहे, हे ना मी त्याला सांगितलं होतं, ना त्याने कधी मला विचारलं होतं.

माझा कंडक्टरवर विश्वास बसला, असं मी लिहिणार नाही. मी अजूनही जातो, कधी गुरुवारी, कधी मंगळवारी, न कळवता. संस्थेच्या बैठकांनाही जातो, कंडक्टरनंतर कोण, हा प्रश्न दरवेळी विचारतो, आणि उत्तर लेखी मागतो. आता आणखी दोघांना दादाच्या घरी शिकायला बसवलं आहे. बसवलं आहे म्हणजे खरोखरच, पायरीवर, पाठ करून.

त्या दिवशी मात्र दुकानासमोर उभा असताना माझं लक्ष दादाच्या शर्टाकडे गेलं. चारही बटणं एकेक घर चुकली होती. डावी बाजू वर, उजवी खाली, पोटाजवळ कापडाचा फुगा आलेला. भर रस्त्यात, येणारे-जाणारे बघत असताना. चूक दिसल्यावर ती दुरुस्त न करता उभं राहणं मला छत्तीस वर्षांत जमलेलं नाही. माझा हात पुढे गेला.

ट्रिंग.

मी हात मागे घेतला आणि खिशात घातला. कंडक्टर पाटीकडे बघत होता. पाठ माझ्याकडे होती, कान मात्र इकडेच असावेत.